परदेशात गाडी चालवायचीय? आधी लायसन्स नीट बघा, मग आयडीपीचा अर्ज

आपल्याकडनं गल्फला जाणारे आधीपासूनच आहेत, आता थायलंड, बाली, न्यूझीलंडला फिरायला जाणारे पण बरेच झालेत, आणि तिकडे भाड्याने गाडी घ्यायची तर बहुतेक ठिकाणी आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मागतात. ते आपल्या जिल्ह्याच्या आरटीओतच मिळतं, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरीत, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसला. नेटवर डॉलर घेऊन ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्या साइट्स असतात, त्यांच्या नादी लागू नका.

भारतीय नागरिक, इथला रहिवासी आणि चालू पक्कं लायसन्स, एवढं असलं की झालं. लर्निंगवर मिळत नाही. पण खरी गोम लायसन्समध्येच असते. त्यावर जी वाहनं आहेत तीच आयडीपीवर चढतात, म्हणजे कार्डावर नुसतं एलएमव्ही (कारसारखी हलकी वाहनं) असेल आणि तुम्ही बालीत स्कूटर घेऊन फिरलात तर दंड एक वेळ भरता येईल, अपघात झाला तर मात्र इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल तर सारथी या सरकारी लायसन्सच्या साइटवर नंबर टाकून बघा, माहिती दिसत नसेल तर आधी आरटीओतनं बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी माहिती ऑनलाइन चढवून घ्या. नाव पण बघा हो, लायसन्सवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असलं की काउंटरवर प्रश्न येणारच.

अर्ज परिवहनच्या सारथी साइटवर, फॉर्म ४-ए, फी १००० रुपये. लायसन्स, पासपोर्ट, लागत असेल तिथला व्हिसा आणि फोटो तयार ठेवा, मेडिकल मागितलं तर डॉक्टरकडनं फॉर्म १-ए. मग ओरिजिनल घेऊन आरटीओत.

मुदत १ वर्ष, पण मूळ लायसन्स आधी संपत असेल तर तेवढीच, म्हणून आधी रिन्यू करा. उगाच सहा महिने आधी काढून पण ठेवू नका, मुदत घरात बसूनच संपत जाते.

देशाचे नियम वेगळे बघावे लागतात. चीनमध्ये आयडीपी चालतच नाही. दुबईत व्हिजिटवर चालतं, रेसिडेन्स व्हिसा लागला की तिकडचंच लायसन्स काढावं लागतं, शिवाय तिकडे गाडी उजव्या बाजूने. थायलंड, जपान, न्यूझीलंडला आपल्यासारखीच डावी बाजू.

आणि ओरिजिनल लायसन्स घरी ठेवून जाऊ नका, आयडीपी त्याच्या जोडीनेच चालतं, डिजिलॉकरमधलं तिकडच्या काउंटरवर चालेल या भरवशावर तर अजिबात राहू नका.