जवारीच्या दाण्यात अडकलेलं जस्त

अंबड तालुक्यात माझ्या चुलत्यांची मोसंबीची बाग आहे. पान हातात घेतलं की आप्पा लगेच निदान करतात. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, नवी फूट बारीक, म्हणजे झिंक कमी. मग कृषी सेवा केंद्रातून झिंक सल्फेट येतं, चुन्याच्या निवळीबरोबर फवारलं जातं आणि पुढची फूट हिरवीगार निघते. मागच्या दिवाळीत मी म्हटलं, "आप्पा, माणसालाही झिंक लागतं." ते हसले, "माणसाची पानं कुठं पिवळी पडतात?"

प्रश्न चेष्टेतला असला, तरी अडचण तिथंच आहे. झिंक म्हणजे जस्त, पत्र्यावर चढवतात तेच. मोठ्या माणसाच्या अंगात ते सगळं मिळून दोन-अडीच ग्रॅम असतं, बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. एवढ्याशा जस्तावर तीनशेहून जास्त एन्झाइमं चालतात. डीएनएला धरून कोणतं जनुक कधी चालू करायचं हे ठरवणाऱ्या कित्येक प्रथिनांना आकार देतं तेही जस्तच. त्यामुळे जिथं पेशी भराभर वाढतात, तिथं कमतरता आधी जाणवते: वाढत्या वयाचं मूल, आतड्याचं अस्तर, कातडी, भरत आलेली जखम, रोगाशी लढणाऱ्या पेशी. पोर खुरटतं, सारखं जुलाबाला लागतं, जखम चिघळते, तोंडाची चव जाते. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला दुसरी दहा कारणं असतात. रक्तातलं जस्त मोजता येतं, पण साध्या तापानंही तो आकडा खाली येतो. लोहाचा साठा शरीर करून ठेवतं, तशी जस्ताची कणगी आपल्याकडं नाही. रोजचं रोज खावं लागतं.

माणसातली ही कमतरता ओळखणारा डॉक्टर बिहारचा होता. बक्सरला जन्मलेले आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधल्या शिराझला होते. तिथं त्यांच्यापुढं एकवीस वर्षांचा एक तरुण आला, दिसायला आठ-दहा वर्षांच्या पोरासारखा. मिसरूड फुटलेलं नाही, अंगात रक्त नाही. खाणं म्हणजे गव्हाची बिनआंबवलेली रोटी, वर माती खायची सवय. मांस जवळजवळ नाहीच. नुसत्या लोहाच्या कमतरतेनं वय थांबत नाही, हे प्रसादांना खटकलं. १९६१ साली त्यांनी जस्ताचा संशय लिहून मांडला, पुढं इजिप्तमध्ये तशाच रुग्णांत तो तपासला. जस्त दिल्यावर काही तरुण वर्षभरात पाच-सहा इंच वाढले. तरी अमेरिकेत जस्ताला आवश्यक पोषकाचा दर्जा देऊन रोजचं प्रमाण ठरवायला १९७४ उजाडलं.

आता त्या रोटीकडं जरा बघू, कारण आपली भाकरही बिनआंबवलेलीच. दाण्यात जस्त असतं, शंभर ग्रॅम जवारीत साधारण दोन मिलिग्रॅम. पण बी आपला फॉस्फरस साठवून ठेवतं ते फायटिक आम्लाच्या रूपात. सहा कर्बअणूंचं एक कडं आणि प्रत्येकाला चिकटलेला एक फॉस्फेट. हे सहा हात आतड्यात जस्ताला असे घट्ट धरतात की ते रक्तात उतरत नाही, तसंच बाहेर जातं. हे कडं मोडणारं फायटेझ नावाचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळपास नाहीच.

मला यातली गंमत अशी वाटते की आप्पांच्या रानातही हेच दोघे, जस्त आणि फॉस्फरस, भांडतात. मराठवाड्याच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त नसतंच असं नाही, पण विम्लतेमुळं ते विरघळत नाही, आणि वरून डीएपी या फॉस्फरसयुक्त खताची पोती रिती होत गेली की फॉस्फरसमुळं पिकाला ते आणखीच कमी मिळतं. रानातली आणि पोटातली यंत्रणा अगदी एक नव्हे, पण जस्ताला अडवणारा फॉस्फरस दोन्हीकडं तोच. पोटातल्या या अडवणुकीमुळंच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली पुरुषासाठी रोज १७ आणि बाईसाठी १३.२ मिलिग्रॅम सांगितलं, तर अमेरिकेत ११ आणि ८ पुरतात. आपलं अंग काही जास्त जस्तखाऊ नाही, धान्यावर भर देणाऱ्या ताटातून ते कमी उतरतं एवढंच. दिवसाला चार भाकरी खाणाऱ्याला त्यातून पाच-सहा मिलिग्रॅम मिळतं, तेही कागदावर.

यावरचा इलाज कोणी प्रयोगशाळेत शोधण्याच्या आधी चुलीपाशी सापडला होता. बी उगवायला निघालं की स्वतःच फायटेझ तयार करून ते कडं मोडतं, कारण कोंबाला फॉस्फरस हवा असतो. मोड आलेली मटकी इथं कोरड्या डाळीला मागं टाकते. दुसरी वाट आंबवण्याची. लातूर-धाराशिवकडं येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात जी आंबील प्यायली जाते, तिच्यात जवारीचं पीठ ताकात रात्रभर भिजतं. आंबटपणा वाढला की पिठातल्याच फायटेझला काम करायला सोयीचं होतं. सोबतच्या भज्जीत, म्हणजे मिश्र भाजीत, हिरव्या शेंगांचे दाणे असतात. ती आंबील वर्षातून एकदाच व्हावी, याचं मला नेहमी नवल वाटतं. मटण खाणाऱ्यांना ही खटपट कमी, कारण मांसात फायटिक आम्ल नाही. शाकाहाऱ्यांनी तीळ आणि शेंगदाणे जरूर खावेत, पण तेही बियाच, त्यांचंही जस्त बांधलेलंच असतं.

बियाण्याकडूनही प्रयत्न झाला आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर मिळून २०१८ साली 'परभणी शक्ती' हे जवारीचं वाण आणलं. किलोमागं ३२ मिलिग्रॅम जस्त आणि ४५ मिलिग्रॅम लोह. फायटिक आम्लाचं कुलूप याही दाण्याला आहे, पण आत माल दीडपट आहे.

गोळ्यांचं मात्र जपून. कोविडच्या काळात घरोघरी झिंकच्या पट्ट्या आल्या, काहींच्या अजून संपलेल्या नाहीत. बरेच महिने रोज चाळीस मिलिग्रॅमच्या वर जस्त पोटात गेलं तर ते तांब्याची वाट अडवतं, आणि तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं.

एका ठिकाणी ही गोळी हटकून द्यायची असते, ती लेकराच्या जुलाबात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून क्षारसंजीवनीच्या पाण्यासोबत जस्त द्यायला सांगतात. तेव्हा ठरलेलं प्रमाण असं: सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०, दहा ते चौदा दिवस. जुलाबावाटे जस्त वाहून गेलेलं असतं, आणि पूर्ण दिवस दिलं तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याचा धोकाही कमी होतो. आमच्या वस्तीवर आशाताई पट्टी देऊन जातात. तिसऱ्या दिवशी लेकरू खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या देवळीत राहतात.