फर्नगली: द लास्ट रेनफॉरेस्ट

फर्नगली हा १९९२ सालचा अॅनिमेशन सिनेमा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका दोघांनी मिळून काढलेला. फॅन्टसी आहे, अॅडव्हेंचर आहे, गाणीही भरपूर आहेत आणि सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट, झाडं तोडत येणाऱ्या मशीनपासून आपलं जंगल वाचवायचं. मूळ कथा डायना यंग यांची, पटकथा जिम कॉक्स यांची, संगीत अॅलन सिल्व्हेस्ट्री यांचं आणि दिग्दर्शक बिल क्रोयर, ज्यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा. अमेरिकेत १० एप्रिल १९९२ ला थिएटरला लागला. लांबी जेमतेम सव्वा तास, त्यामुळं लहान पोरंही कंटाळत नाहीत.

गोष्ट अशी आहे की ऑस्ट्रेलियातल्या फर्नगली नावाच्या एका वर्षावनात अगदी बोटभर उंचीच्या पऱ्या राहतात, त्यांच्या मते माणूस ही जात कधीच संपली. क्रिस्टा नावाची एक तरुण परी आहे, मॅगी लून या म्हाताऱ्या परीकडं जादू शिकतेय पण लक्ष सगळं बाहेर काय आहे त्यात. मग बॅटी कोडा नावाचं एक वटवाघूळ प्रयोगशाळेतून पळून येतं, त्याच्या डोक्यात अजून वायरी खुपसलेल्या आहेत, आणि ते सांगतं की माणसं आहेत आणि लई वाईट आहेत. क्रिस्टा बघायला जाते तर तिला झॅक दिसतो, लाकूडतोडीच्या टीमवरचा शहरी पोरगा, काम काय तर कापायच्या झाडांवर लाल स्प्रेनं फुली मारायची. झाड त्याच्या अंगावर पडणार तेवढ्यात ती त्याला वाचवायला मंत्र म्हणते आणि मंत्र चुकल्यामुळं तो तिच्याएवढाच छोटा होऊन बसतो. इकडं ते लेव्हलर नावाचं राक्षसी मशीन जुन्या काळी एका झाडात कोंडलेल्या हेक्ससला मोकळं करतं. हेक्सस म्हणजे विनाशाचा आत्मा, धूर आणि तेल पिऊन फुगत जाणारा.

शेवटाकडं मॅगी स्वतःची सगळी शक्ती बाकीच्यांना वाटून निघून जाते, झॅक मशीन बंद पाडतो आणि क्रिस्टा एक बी घेऊन सरळ हेक्ससच्या पोटात शिरते, ते बी आत रुजतं, वाढतं आणि हेक्सस परत एकदा झाडात बंद होतो.

सिनेमाची खरी ताकद कुठं आहे तर तो 'झाडं तोडू नका' हे सांगायच्या आधी जंगल दाखवतो, आणि तेही झॅकच्या नजरेनं. तो मोठा असताना त्याला झाड म्हणजे फुली मारायची जागा एवढंच माहीत असतं, छोटा झाल्यावर त्याच झाडाच्या सालीवरनं चालताना त्याला कळतं की इथं कोण कोण राहतं. आपल्याकडं रस्ता रुंदीकरणाच्या आधी झाडांवर रंगानं नंबर टाकलेले असतात ते रोज बघणाऱ्या माणसाला ही लाल फुली लगेच लागते. आणि झॅक मुद्दाम वाईट नाहीये, त्याला फक्त पगार मिळतोय. त्या फुल्या कसल्या असं क्रिस्टा विचारते तेव्हा तो धड खरं सांगत नाही, आणि माझ्या मते अख्ख्या सिनेमातली सगळ्यात खरी जागा हीच आहे, कारण मशीन जवळ येत राहतं आणि हा गप्प राहतो, तो वेळ परत मिळत नाही.

कच्ची बाजू पण आहे आणि ती सांगायलाच हवी. सगळा दोष हेक्ससवर गेल्यामुळं माणसं फार सहज सुटतात. मशीन चालवणारे टोनी आणि राल्फ हे दोघं खाण्यापिण्यात दंग असलेले आळशी कामगार आहेत, पण त्यांना तिथं पाठवलं कोणी, लाकूड विकत कोण घेणार, परवानगी कोणी दिली, यातलं काहीच येत नाही. पोरांना राक्षस समजतो हे कबूल, पण आठ-दहा वर्षांच्या पोराला मालक पण समजतो की. दुसरं म्हणजे त्या भूमीचे मूळ लोक, बुंडजालुंग, सिनेमाच्या वर्तमानात कुठंच नाहीत, आणि ही उणीव मला जास्त मोठी वाटते.

कारण जागा काल्पनिक असली तरी मुलूख खरा आहे. गोष्ट माउंट वॉर्निंगच्या परिसरात घडते, हा डोंगर म्हणजे मूळ लोकांचा वोलुम्बिन, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर टोकाला, सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा उरलेला गाभा. त्याच्या दक्षिणेला एकेकाळी बिग स्क्रब नावाचं सखल भागातलं सुमारे ७५,००० हेक्टरचं वर्षावन होतं, १९ व्या शतकात आधी लाकूडतोडे आले, मग शेतीसाठी सरसकट साफ झालं, आज त्यातलं १ टक्काही शिल्लक नाही. लाकूडतोड्यांना सगळ्यात जास्त हवा होता तो रेड सिडार, लाल रंगाचं, हलकं पण टिकाऊ लाकूड, फर्निचरसाठी एकदम भारी. हीच जात भारतातही वाढते, आपल्या सह्याद्रीतही आहे, तूण म्हणतात ते झाड. म्हणजे त्या जंगलातलं एक झाड तरी आपल्या ओळखीचं आहे.

याच भागात टेरानिया क्रीक म्हणून एक दरी आहे. १९७९ साली तिथं तोड सुरू होणार म्हटल्यावर आसपासचे लोक, त्यात बाहेरून येऊन वसलेले तरुण बरेच, बुलडोझरच्या पुढं जाऊन उभे राहिले, काहीजण झाडांवर चढून बसले, आठवडेच्या आठवडे हे चाललं. ऑस्ट्रेलियात वर्षावनासाठी असं रस्ता अडवून झालेलं हे पहिलं मोठं आंदोलन. १९८२ ला नेव्हिल रॅन यांच्या राज्य सरकारनं वर्षावनं वाचवायचा निर्णय घेतला, १९८३ ला नाइटकॅप नॅशनल पार्क झालं आणि १९८६ ला ही जंगलं जागतिक वारसा यादीत आली. सिनेमात जे काम बी आणि मंत्र करतात ते इथं साध्या माणसांनी चिखलात बसून केलंय, त्यामुळं पोरांना सिनेमा दाखवला की पाठोपाठ ही हकिगत पण सांगावी.

सिनेमाच्या टीमनं ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनात फिरून चित्रांची तयारी केली होती, आणि ते दिसतं. पानांच्या मागून येणारा उजेड, शेवाळ, नेचे, पाण्याचे थेंब, सगळं बारकाईनं काढलंय. मुख्य काम हातानं काढलेलं आहे पण काही ठिकाणी कॉम्प्युटर वापरलाय, उदाहरणार्थ पक्ष्यांचे मोठे थवे आणि ते लेव्हलर मशीन. क्रोयर यांनी त्याच्या दहा वर्षं आधी ट्रॉन या सिनेमावर कॉम्प्युटर अॅनिमेशनचं काम केलं होतं, त्यांना हे जमणारच होतं.

आवाजांची बाजू तर जबरदस्त आहे. क्रिस्टा सॅमँथा मॅथिस, झॅक जोनाथन वॉर्ड, तिचा मित्र पिप्स ख्रिश्चन स्लेटर. बॅटी कोडा म्हणजे रॉबिन विल्यम्स, अॅनिमेशन सिनेमातला त्यांचा हा पहिला रोल, अलादीनचा जिनी त्याच वर्षी पण नंतर आला. त्यांनी माइकसमोर इतकं काही मनाचं बोलून ठेवलं की मुळात छोटा असलेला रोल वाढवावा लागला. बॅटीचं हसवणं मात्र नुसतं हसवणं नाही, प्रयोगशाळेत काय झालं ते तो त्याच्या रॅप गाण्यात सांगतो आणि ऐकताना पोटात कालवतं. टिम करी यांचा हेक्सस गोड आवाजात गातो म्हणून जास्त भीती वाटते. घोरपडीच्या छोट्या रोलमध्ये रॅपर टोन लोक आहे.

२२ एप्रिल १९९२ ला, वसुंधरा दिनाला, सिनेमा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात दाखवला, त्यानंतर जूनमध्ये रिओची वसुंधरा परिषद झाली, म्हणजे वर्षावनाचा विषय तेव्हा जगभर तापलेला होता. कमाई मात्र बेताची, बजेट सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर आणि जगभरातून मिळाले सुमारे ३ कोटी २७ लाख. उपदेश जास्त आहे अशी तक्रार काही समीक्षकांनी केली. खरी ओळख झाली ती घरोघरी व्हिडिओ कॅसेटवर, नव्वदच्या दशकातली बरीच पोरं यावरच वाढली, आणि २००९ ला अवतार हा सिनेमा आला तेव्हा ह्याच पिढीनं दोघांतली साम्यं लगेच ओळखली.

१९९८ ला दुसरा भाग आला, द मॅजिकल रेस्क्यू, थेट व्हिडिओवर. त्यात शिकारी जंगलातली पिल्लं पळवून नेतात आणि पऱ्या त्यांना सोडवायला जातात. विल्यम्स नाहीत, करी नाहीत, जंगलावर घेतलेली मेहनतही नाही, अगदी लहान पोरांना लावून द्यायला ठीक आहे पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी.