सूक्ष्मतरंग प्रारणमापन : जलबाष्प व मेघजल

हवेतील जलबाष्प आणि ढगांतील द्रवरूप पाणी यांतून निसर्गतः बाहेर पडणारे सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) मोजून त्या बाष्पाचे व पाण्याचे प्रमाण ठरविण्याची पद्धती. रडारप्रमाणे यात उपकरण स्वतः तरंग सोडत नाही.

जलबाष्पाची शोषणरेखा (ज्या कंप्रतेचे म्हणजे वारंवारतेचे तरंग ते विशेष शोषते ती) २२.२३५ गिगॅहर्ट्‌झला (सु. १.३५ सेंमी.) आहे. अमेरिकन भौतिकीविज्ञ व्हॅन व्ह्लेक यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे भाकीत केले, पण तोवर १.२५ सेंमी. रडारची आखणी ठरून गेली होती. ही तरंगलांबी शोषणरेखेच्या जवळ असल्याने दमट हवेत त्याचा पल्ला फारच तोकडा पडला. १९४६ मध्ये बेकर व ऑटलर यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रयोगशाळेत ही रेखा मोजली, तर रॉबर्ट डिकी व सहकाऱ्यांनी फ्लॉरिडात थेट आकाशाकडून येणारे प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) मोजले. रेखेच्या स्थाननिश्चितीत पहिले काम सरस असले, तरी वातावरणमापनाचा आरंभ डिकींपासून धरणे अधिक योग्य दिसते. त्यांच्या प्रारणमापकात फिरती शोषक चकती सेकंदाला ३० वेळा तरंगनलिकेत येई. आकाश व चकती यांतील फरकच तेवढा मोजल्याने प्रवर्धकाच्या चढउतारांचा उपद्रव टळे. विश्वातून येणारे प्रारण २० केल्व्हिन तापमानाच्या वस्तूच्या प्रारणापेक्षा कमी असल्याचेही याच मापनांतून निघाले.

जमिनीवरील उपकरणांत बहुधा २३.८ व ३१.४ गिगॅहर्ट्‌झ या दोन कंप्रता वापरतात. पहिलीवर बाष्पाचा, दुसरीवर मेघजलाचा प्रभाव अधिक. दोन समीकरणांतून दोन्ही राशी निघतात. २२.२३५ ऐवजी २३.८ घेण्याचे कारण असे की, तेथील शोषण बाष्प किती उंचीवर आहे यावर फारसे अवलंबून नसते. ०° से. खाली न गोठलेल्या पाण्याचे शोषण हा मात्र वादाचा विषय आहे. जुनी सूत्रे मुख्यतः उबदार पाण्याच्या मापनांवर बेतलेली असल्याने थंड ढगांत त्यांची उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. ढगांच्या प्रत्यक्ष निरीक्षणांशी ताडून बसविलेली अलीकडची सूत्रे अधिक विश्वसनीय वाटतात. पावसात ही पद्धती निकामी ठरते.

उपग्रहांवर सोव्हिएट कॉसमॉस-२४३ (१९६८) हा आरंभीचा प्रयत्न. भारताच्या भास्कर-१ वरील (१९७९) ‘समीर’ प्रारणमापक १९.३५ व २२.२३५ गिगॅहर्ट्‌झवर चाले. भास्कर-२ मध्ये (१९८१) ३१.४ ची भर पडली. ही मापने मुख्यतः समुद्रावरची, कारण जमिनीचे स्वतःचे प्रारण ढगांची खूण झाकून टाकते. भारत-फ्रान्स यांच्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावरील (२०११) ‘सफीर’ उपकरणाने जलबाष्पाच्या १८३.३१ गिगॅहर्ट्‌झच्या प्रबळ रेखेभोवती सहा पट्ट्यांत थरवार आर्द्रता मोजली.