दुर्बिणीचं ऑपरेशन करताना पोट उघडलं, म्हणजे डॉक्टर चुकला?

"दुर्बिणीने सुरू केलं आणि शेवटी पोट उघडलं, म्हणजे डॉक्टरला जमलं नाही." पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल सोलापुरात, बार्शी-अक्कलकोटहून आलेल्या नातेवाइकांतही हे सर्रास ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे, आणि घातकही.

पित्ताशयाची नळी जेमतेम 2 ते 4 सेंटिमीटरची. ती यकृताकडून येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. सूज जुनी असेल तर दोन्ही चिकटून बसतात. पित्ताशय ओढून धरलं की एका रेषेत येतात, आणि मुख्य नलिकेलाच क्लिप लागून ती कापली जाते. म्हणून कापण्याआधी तिथली चरबी साफ करून, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवून, पित्ताशयात जाणारी नळी आणि रक्तवाहिनी या दोनच गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात. दिसत नसतील तर पोट उघडणं किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवणं, यातच शहाणपणा आहे.

अशी इजा हजारात साधारण 3 ते 5 जणांना होते. घरी गेल्यावर दुखणं वाढलं, पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, तर शेंगाचटणीला दोष देत बसू नका. त्याच दिवशी सर्जनला गाठा. सोनोग्राफी, बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी), लागल्यास एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय). पित्ताची बारीक गळती बहुधा ईआरसीपीतून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकून थांबते. तो स्टेंट काही आठवड्यांनी काढायचा असतो, विसरू नका. मुख्य नलिका कापली गेली असेल तर ती आतड्याला जोडावी लागते. ते काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करून घ्या.