किपलिंगची मुंबईतली आया

इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगला भारत कुठे कळला, असं विचारलं की लाहोरच्या वर्तमानपत्रातली त्याची नोकरी हमखास पुढे केली जाते. माझ्या मते ते शिक्षण मुंबईतच, आयाचं बोट धरून सुरू झालं होतं.

३० डिसेंबर १८६५ला तो मुंबईत जन्मला. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवत. साहेबाच्या घरातलं मूल तेव्हा बहुतेक वेळ नोकरांच्याच हाती असे. किपलिंगच्या आत्मचरित्राची सुरुवात पहाटेच्या फळबाजारानं होते: आयाबरोबरची फेरी, त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर मांडलेली सोनेरी, जांभळी फळं. वाटेवरच्या क्रुसापाशी ती प्रार्थना करी, तेव्हा तोही शेजारी असे. ती पोर्तुगीज कॅथलिक होती, असं तो लिहितो. तेव्हाच्या मुंबईत गोव्याच्या आणि वसई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांनाही पोर्तुगीजच म्हणत. ती बहुधा त्यांच्यातलीच. घरातल्या हिंदू बेअररचं, म्हणजे खासगी नोकराचं, मीता हे नाव त्यानं नोंदवलं, आयाचं मात्र नाही. मला हे फार खटकतं.

दुपारी झोपण्याआधी ती किंवा मीता मुलांना गोष्टी सांगत, गाणी म्हणून दाखवत. मग कपडे घालून जेवणघरात पाठवताना बजावलं जाई, ‘आता पप्पा-मम्माशी इंग्रजीत बोला.’ मुलांचं इंग्रजी अडखळे, कारण विचार आणि स्वप्नं देशी भाषेत. तिथून उलथा करून बोलावं लागे.

इथली हवा, रोगराई आणि नोकरांचं वळण लागण्याची धास्ती यांमुळे गोरी कुटुंबं मुलांना विलायतेला धाडत. १८७१मध्ये किपलिंग आणि त्याची धाकटी बहीण इंग्लंडमधल्या साउथसीला परक्या घरी ठेवले गेले. तिथे जवळजवळ सहा वर्षं त्यानं मारझोड सोसली, धाकात काढली.

१८८२च्या ऑक्टोबरात, सोळाव्या वर्षी तो मुंबईत उतरला. ओळखीची दृश्यं आणि वास भेटताच त्याच्या तोंडून देशी भाषेतली वाक्यं निघू लागली. त्यांचा अर्थ त्याचा त्यालाच लागेना! अकरा वर्षं मागे पडलेली भाषा जिभेवर तशीच होती. लाहोरची नोकरी यानंतरची.

पुढे तो साम्राज्याचा कट्टर पुरस्कर्ता झाला, तरी १९०१च्या ‘किम’ या कादंबरीतला त्याचा नायक लाहोरच्या बाजारात वाढलेला गोरा पोरगा आहे. त्याला देशी बोलीच आवडते आणि इंग्रजी बोलताना तो चाचरतो.