केंटकीच्या गुहेतून आलेला खेळ : ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ची पार्श्वभूमी

रस्त्याच्या टोकाला, विटांच्या एका छोट्या इमारतीसमोर तुम्ही उभे आहात, एवढंच पडद्यावर उमटतं. चित्र नाही, आवाज नाही. पुढे काय करायचं ते एक-दोन शब्दांत टाइप करायचं. संगणकावरच्या साहसखेळांचा मूळपुरुष म्हणावा असा हा खेळ. ड्रॅगन, ट्रोल, कुऱ्हाड फेकणारे बुटके पाहून तो निव्वळ कल्पनेतून जन्मला असं वाटतं. पण त्यातली गुहा खरी आहे, आणि माझ्या मते त्याची सारी ताकद तिथेच आहे.

विल क्राउदर हा मॅसॅच्युसेट्समधल्या ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीत प्रोग्रामर होता. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट उभारणाऱ्या गटात त्याने काम केलं. सुट्टीत तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया केंटकीतल्या चुनखडीच्या गुहांमध्ये उतरत, मोजमापं घेत आणि ती संगणकात भरून नकाशे काढत. फ्लिंट रिज आणि मॅमथ या गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे 9 सप्टेंबर 1972 रोजी ज्या तुकडीने सिद्ध केलं, तिच्यात पॅट्रिशिया होती. आज हीच जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा मानली जाते.

पुढे दोघांचा घटस्फोट झाला. क्राउदरचं गुहांमध्ये जाणं थांबलं, मुलींचा सहवासही कमी झाला. तेव्हा, 1975-76च्या सुमारास, आपल्या भटकंतीला अद्भुताची जोड देऊन त्याने मुलींसाठी एक खेळ लिहिला. 1974मध्ये आलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रं रंगवण्याचा बैठा खेळ तो मित्रांबरोबर खेळत असे, त्याचीही छाप इथे आहे. संगणकाची सवय नसलेल्यांना भीती वाटू नये, म्हणून आज्ञा साध्या इंग्रजीत ठेवल्या. यंत्र पीडीपी-10, भाषा फोरट्रान. त्या यंत्राच्या एका ‘वर्ड’मध्ये, म्हणजे स्मृतीच्या एका कप्प्यात, पाच अक्षरं मावत, त्यामुळे खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरं बघतो.

हा प्रोग्राम अर्पानेटवरून हातोहात पसरला आणि स्टॅनफर्डमधल्या डॉन वूड्स या विद्यार्थ्याच्या नजरेस पडला. त्याला तो सुधारायचा होता, पण क्राउदरचा पत्ता माहीत नव्हता. त्याने नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाच्या पत्त्यावर ई-मेल पाठवली! ज्या जाळ्याच्या उभारणीत क्राउदरचा हात होता, त्याच जाळ्यातून ती त्याच्यापर्यंत पोहोचली. परवानगी मिळाली, मूळ कोडही मिळाला. 1977मध्ये वूड्सची आवृत्ती आली : 15 खजिने आणि एकूण 350 गुण. बहुतेकांच्या आठवणीतला खेळ तो हाच.

त्यातून पुढची पिढी निघाली. एमआयटीतल्या चौघांनी ‘झॉर्क’ लिहिला, स्कॉट ॲडम्सने 1978मध्ये घरगुती संगणकासाठी ‘ॲडव्हेंचरलँड’ आणला, तर या खेळाने झपाटलेल्या रोबर्टा विल्यम्सने 1980मध्ये ‘मिस्टरी हाउस’मधून साहसखेळाला चित्रं दिली.

क्राउदरने फक्त गुहा उभी केली आणि जादू वूड्सची, असा समज कितीतरी वर्षं होता. अभ्यासक डेनिस जेर्झ यांनी तो खोडून काढला. वूड्सच्या स्टॅनफर्डमधल्या जुन्या खात्याच्या बॅकअपमधून क्राउदरचा मूळ कोड सापडला आणि जेर्झ यांचा लेख 2007मध्ये प्रसिद्ध झाला. बुटके त्या कोडात आधीपासून होते. ‘तिळा तिळा दार उघड’सारखा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारा ‘झिझी’ हा मंत्रही होता. खेळातल्या सुरुवातीच्या जागा केंटकीतल्या बेडक्विल्ट या खऱ्या गुहेशी किती जुळतात, हे जेर्झ यांनी स्वतः तिथे उतरून तपासलं होतं.

रोबर्टा विल्यम्सने 2023मध्ये याच खेळाची त्रिमितीय आवृत्ती काढली. ती जरूर खेळावी, पण आधी शब्दांची आवृत्ती, आणि तीही कागदावर स्वतः नकाशा काढत. इथे दिव्याची बॅटरी संपते आणि एकसारख्या दिसणाऱ्या वळणावळणांच्या वाटांमध्ये माणूस हमखास हरवतो. मोजमापाची वही घेऊन गुहेत उतरणाऱ्या माणसानेच असा खेळ लिहावा.