थंडीच्या लांब सफरीआधी : जुन्या गाडीच्या मालकांसाठी

जुनी गाडी घेऊन तुम्ही हिवाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताय, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. महिनोन् महिने कव्हरखाली उभी असलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. तिचे सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर चिकटून बसतात. थंडीत आमच्याकडे ओढून आणलेल्या गाड्यांपैकी फार थोड्यांचं इंजिन खरोखर बिघडलेलं असतं. बाकीच्या वीज संपल्यामुळे उभ्या राहिलेल्या असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

विजेचा हिशेब

बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत लुकास सी४० डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, असतो. तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. आता खर्च बघा. हेडलाइट आठ-नऊ अँपिअर, बाकीचे छोटे दिवे दोन, वायपर तीन, हीटरचा पंखा तीन-चार, इग्निशन तीन-चार. पावसाळी संध्याकाळी हे सगळं एकदम चालू असतं आणि कमाई-खर्च जेमतेम जुळतो. ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलिंगवर उभी राहिली की डायनॅमोची कमाई जवळपास शून्य होते आणि सगळा भार बॅटरीवर येतो. म्हणून जास्त वेळ थांबायचं असेल तर हेडलाइट बंद करून पार्किंगचे दिवे ठेवा, पंखाही बंद करा.

उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद साधारण निम्मी उरते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फला जास्त जोर लागतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सहसा गोठत नाही, उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. तुमच्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असेल, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असेल, तर ते कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. मदतीला धावलेला माणूस जंपर केबल सवयीने उलटी लावतो.

सकाळचा चोक

चोक, म्हणजे थंड इंजिनला पेट्रोलचं प्रमाण वाढवून देणारी खुंटी, पूर्ण ओढा, क्लच दाबून ठेवा आणि मग सेल्फ मारा. क्लच दाबला की गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल फिरवायचं ओझं सेल्फवर पडत नाही. इंजिन धरलं की उभ्या उभ्या तापवत बसू नका, हळूहळू निघा आणि चोक टप्प्याटप्प्याने आत ढकला. चोक ओढलेलाच राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं आणि प्लग काळे पडतात.

कार्बोरेटरमधला बर्फ

कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ जमतो हे फार कमी लोकांना माहीत असतं. कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा शून्य ते दहा अंशांच्या दमट हवेत हा त्रास जास्त होतो. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं, त्यामुळे कार्बोरेटर आतून गोठणबिंदूखाली जातो आणि हवेतली वाफ तिथे बर्फ होऊन बसते. धुक्यातून चाचणी घेताना आमच्या हातातली गाडी अशीच गुदमरली. रेस दिली तरी वेग पडत गेला आणि ती बंद पडली. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरचा गळा बाहेरून पांढरा झाला होता, बोट लावलं की चिकटत होतं. इंजिनच्या उबेने दहा मिनिटांत तो ओला झाला आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. असं झालं तर घाईने प्लग, पॉइंट उघडू नका, थोडं थांबा. एअर फिल्टरच्या नळीला उन्हाळा-हिवाळा अशा दोन जागा असतील, तर ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांकडे, वळवून घ्या.

कूलंटबद्दल थोडक्यात : इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवा, ते उणे ३५ अंशांपर्यंत पुरतं. नुसतं पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो.

रस्त्यावर

ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही आणि चारही चाकांच्या ब्रेकचं सर्किट बहुधा एकच, म्हणून अंतर भरपूर ठेवा. निसरड्या जागी दुसऱ्या गिअरमध्ये निघा. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशा गाडीची शेपूट हलकी असते आणि लगेच सरकते. याउलट, १९६४च्या मॉन्टे कार्लो रॅलीत चालक पॅडी हॉपकर्कच्या, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या मिनीने दांडग्या गाड्यांना मागे टाकलं. ओढणाऱ्या चाकांवरच असलेलं इंजिनचं वजन तिला बर्फावर उपयोगी पडलं.

ओल्या रस्त्यावरून आल्यावर रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रमला चिकटून गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांखाली ठोकळे लावा.

एका बाबतीत आम्ही आग्रहच धरतो. एअर-कूल्ड गाड्यांत हीटरची हवा एक्झॉस्टभोवतून येते. तिथलं जॅकेट गंजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो आणि त्याला वास नसतो. ही तपासणी झाल्याशिवाय हीटर लावून निघू नका. वाटेत डोकं जड झालं तर लगेच गाडी थांबवा, सगळ्या काचा उघडा आणि बाहेर या.

परत आल्यावर

रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर त्याच दिवशी गाडी खालून धुवा. मीठ लागलेली ओली गाडी उबदार गॅरेजमध्ये तशीच ठेवली तर गंज जोरात चढतो. साधा पाइप घ्या. जोराच्या फवाऱ्याने पाणी सांध्यांत घुसतं. चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. तिथून गढूळ पाणी थांबून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाइप बंद करू नका.